२४ आणि १३

माझ्या सी भाषेतल्या लायब्ररीत मेमरीची गळती होती, म्हणजे घेतलेली मेमरी परत दिली जात नव्हती. आज संध्याकाळी एकदाची ती सापडली. तीन दिवस तिच्या मागे होते. लायब्ररी तासभर वापरली तर काही जाणवत नाही, पण प्रोग्रॅम दोन-तीन दिवस चालू ठेवला की मेमरी चढतच जाते, उतरायचं नाव नाही. आणि लायब्ररी चालते दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममध्ये. गळती माझी, मेमरी त्यांची. हेच जास्त लागलं होतं मनाला.

व्हॅलग्राइंड (अशी गळती शोधणारा प्रोग्रॅम) आधीही चालवला होता, तेव्हा सगळं स्वच्छ. माझ्या टेस्ट नीट लिहिलेल्या फाइलींवरच होत्या ना! आज मुद्दाम एका ओळीतलं शेवटचं अवतरणचिन्ह खोडलं. लगेच रिपोर्ट आला: ३७ बाइट हरवले, त्यातले २४ थेट आणि १३ त्यांच्या मागोमाग. आकड्यांकडे बघत बसले. ६४ बिटच्या मशीनवर माझ्या नोडमध्ये, म्हणजे यादीतल्या एका नोंदीत, तीन पॉइंटर (मेमरीतले पत्ते), प्रत्येकी ८ बाइट, म्हणजे २४. मग त्या ओळीतलं नाव मोजलं. रोमन १२ अक्षरं, शेवटचा शून्य (नाव संपल्याची खूण) धरून १३. तोच! नावाची कॉपी झाली, पुढची किंमत वाचताना चूक निघाली आणि फंक्शन नल, म्हणजे रिकामा पॉइंटर, परत देऊन मोकळं. नोड यादीत जोडलाच गेला नव्हता, मग शेवटी यादी रिकामी करणाऱ्या फंक्शनला तो दिसणार कुठून?

रिटर्नच्या आधी घाईने नोड फ्री केला, म्हणजे त्याची मेमरी परत दिली. आता रिपोर्टमध्ये १३ बाइट थेट हरवलेले. नावाचा पत्ता नोडच्या पोटात होता, त्याच्याबरोबर तोही गेला. आधी आतलं सोडायचं, मग बाहेरचं; पाठ असलेली गोष्ट, तरी हात घाई करतात.

शेवटी फंक्शन नव्याने मांडलं. सुरुवातीला सगळे पॉइंटर नल, कुठेही चूक झाली की गोटूने (थेट उडी मारायच्या आज्ञेने) तळाच्या एकाच जागी, आणि तिथे उलट्या क्रमाने फ्री. नल फ्री केला तर काहीच होत नाही, ही सीच्या स्टँडर्डची हमी, त्यामुळे इफ लिहून तपासण्यांची गर्दी नाही. गोटूला लोक नावं ठेवतात, पण सीमध्ये अशा जागी मला त्याहून सरळ वाट दिसत नाही.

ती बिघडवलेली फाइल आता टेस्टमध्ये कायमची ठेवली आहे. जितकी अ‍ॅलोकेशन तितकेच फ्री, म्हणजे जितक्या वेळा मेमरी घेतली तितक्या वेळा परत दिली, हे आकडे जुळलेले बघून फार बरं वाटलं.

बफर (डेटा ठेवायची तात्पुरती जागा) वाढवताना एके ठिकाणी, घेतलेल्या मेमरीचा आकार बदलणाऱ्या रिअ‍ॅलॉकचा निकाल सरळ त्याच पॉइंटरमध्ये घेतलेला दिसला. तो फसला तर नल येणार, जुना ब्लॉक तसाच राहणार आणि त्याचा पत्ता पुसला जाणार. सकाळी आधी तेच बघते.