जपानमधली सार्वजनिक अंघोळ: आधी बाहेर धुवा, मग पाण्यात बसा

गणेशपुरी-वज्रेश्वरीला किंवा दापोलीजवळच्या उन्हवऱ्याला आपण कपड्यांसकट कुंडात उतरतो आणि तिथेच अंघोळ उरकतो. जपानमध्ये मात्र गरम पाण्याच्या टाकीत अंग धुवायचं नसतं. अंग टाकीबाहेर धुवायचं, साबणाचा शेवटचा फेस निघून गेला की मगच पाण्यात बसायचं. तेच पाणी दिवसभर असंख्य माणसं वापरतात. परक्या माणसाला कडक वाटणारे बहुतेक नियम एवढ्या एका गोष्टीतून आलेले आहेत.

जागा दोन प्रकारच्या. सेंतो म्हणजे गल्लीतलं सार्वजनिक न्हाणीघर. तिथे बहुतेक ठिकाणी नळाचं किंवा विहिरीचं पाणी तापवतात. ओन्सेन म्हणजे जमिनीतून येणारं पाणी. १९४८ च्या कायद्यानुसार ते उगमाशी किमान २५ अंश सेल्सियस असावं लागतं, नाहीतर यादीतल्या १९ घटकांपैकी एक तरी त्यात ठरलेल्या प्रमाणात असावा लागतो. म्हणजे कोमट झराही ओन्सेन ठरतो आणि मग तो तापवून वापरतात.

सेंतोत शिरताना बूट दाराशीच खणात ठेवायचे. जुन्या ठिकाणी खणाची चावी म्हणजे लाकडाची चपटी पट्टी असते, ती ओढून काढली की कुलूप लागतं. टोकियोत मोठ्या माणसाचं तिकीट ऑगस्ट २०२४ मध्ये ५५० येन झालं. हा दर मालक ठरवत नाही, सरकारी आदेशाने ठरतो. पुढे पुरुषांच्या आणि बायकांच्या बाजूचे दोन पडदे दिसतात, त्यांवर जपानी अक्षर असतं. पुरुषांच्या अक्षरात वर चार घरांची चौकट असते, बायकांच्या अक्षरात चौकट नसते. निळ्या-लाल रंगावर विसंबू नका. गरम झऱ्याच्या निवासांमध्ये रात्री बाजूंची अदलाबदल करतात, त्यामुळे संध्याकाळी पुरुषांची असलेली बाजू सकाळी बायकांची झालेली असू शकते. अक्षर दर वेळी वाचा.

कपडे सगळे काढायचे. पोहण्याचा पोशाखही सहसा चालत नाही. आपल्याकडच्या बहुतेकांची पावलं इथेच अडखळतात, पण आत कोणी कोणाकडे पाहत नाही. सोबत न्यायचा तो फक्त छोटा पंचा. मोबाइल कपड्यांच्या खणातच राहू द्या. दागिनेही तिथेच ठेवा. गंधकाच्या पाण्यात चांदीची जोडवी आणि पैंजण बघता बघता काळी पडतात, कारण चांदीवर सल्फाइडचा थर चढतो. सोन्यात तांबं किंवा चांदी मिसळलेली असते, म्हणून मंगळसूत्रही आधीच काढलेलं बरं.

आत भिंतीलगत नळ, बुटकी स्टुलं आणि छोट्या बादल्या असतात. स्टुलावर बसूनच अंग धुवायचं. उभ्याने शॉवर घेतलात तर साबणाचं पाणी शेजाऱ्यावर उडतं, आणि लोकांना सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. केस लांब असतील तर वर बांधा. झालं की स्टूल आणि बादली धुऊन पुढच्या माणसासाठी नीट ठेवा. मग टाकीजवळ जाऊन बादलीभर गरम पाणी आधी पायांवर, मग मांड्यांवर, शेवटी खांद्यांवर ओता. याने अंगाला उष्णतेची सवय होते.

पाणी साधारण ४० ते ४२ अंश असतं, टोकियोतल्या काही जुन्या सेंतोत त्याहूनही कडक. हळूहळू उतरायचं. पंचा घडी करून डोक्यावर किंवा काठावर ठेवायचा, पाण्यात बुडवायचा नाही. बाकीच्यांना न विचारता थंड पाण्याचा नळ सोडायचा नाही. पहिल्यांदा पाच मिनिटं पुरे. बाहेर येऊन बसा, मग पुन्हा जा. उष्णतेने रक्तवाहिन्या सैलावतात आणि झटकन उठल्यावर रक्तदाब घसरून भोवळ येते. दारू पिऊन किंवा भरल्या पोटी जाऊ नये ते यासाठीच. हिवाळ्यात कपडे बदलायची खोली गार असली की रक्तदाब आधी चढतो आणि गरम पाण्यात पुन्हा उतरतो. हृदयविकार किंवा रक्तदाब असलेल्या वडीलधाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच जावं. आधी आणि नंतर पाणी प्या.

बाहेर पडताना पंचा पिळून अंग पुसा आणि मगच कपड्यांच्या खोलीत पाऊल टाका, तिथली जमीन कोरडी ठेवायची असते. झऱ्याचं पाणी अंगावरून धुऊन टाकायची गरज नसते, पण पाणी फार आम्लधर्मी असेल आणि त्वचा नाजूक असेल तर साध्या पाण्याने धुवा.

या आम्लाचा प्रताप पाहायचा तर गुन्मा प्रांतातलं कुसात्सु गाठावं. तिथल्या पाण्याचा सामू (पीएच) २ च्या आसपास आहे, म्हणजे जवळजवळ लिंबाच्या रसाइतका. गावाच्या मध्यभागी असलेल्या युबाताके नावाच्या उगमातून मिनिटाला सुमारे ४,००० लिटर पाणी येतं, तेही ५० अंशांच्या वर. गार पाणी मिसळलं तर गुण पातळ होतो, म्हणून ते लाकडी पन्हळींतून वाहवत निववतात. टाकीतलं पाणी सहा फुटी फळ्यांनी घुसळून निववायची जुनी पद्धत आता पाहुण्यांना गाण्यासह करून दाखवतात. हे आम्ल नदीत उतरून मासे मारत होतं, शेतीला बाधत होतं, पुलांचं काँक्रीट खात होतं. १९६४ पासून नदीत सतत चुनखडीची पूड सोडून ते मारलं जातं. गावाला पैसा देणारं पाणी खालच्या खोऱ्याला सोसवेल असं करायला एवढी खटपट करावी लागते. कुसात्सुला गेलात तर ही बाजूही बघून या.

सेंतो मात्र ओसरत चालले आहेत. लाकडी एदो शहरात (म्हणजे जुन्या टोकियोत) आगीची धास्ती आणि महाग सरपण यांमुळे घरोघरी न्हाणी नव्हती, लोक बाहेर अंघोळ करत. १९६८ च्या सुमारास देशभर जवळपास १८,००० सेंतो होते. घरात न्हाणीघर आलं आणि आता ते २,००० च्याही खाली आले आहेत. उंच छत आणि भिंतीवर रंगवलेला फुजी पर्वत असलेलं एखादं जुनं सेंतो वाटेत लागलं तर टाळू नका.

गोंदण असलेल्यांना अनेक ओन्सेनमध्ये प्रवेश नाकारतात. सेंतोत बहुधा अडवत नाहीत, तरी आधी विचारावं. आजी-आजोबांच्या कपाळावर किंवा हातावर गोंदलेलं असेल तर त्यांच्यासाठीही विचारून ठेवा. ज्यांना चारचौघांत जमणारच नाही त्यांनी कुटुंबापुरती टाकी तासाच्या हिशेबाने घ्यावी. तेही नको असेल तर झऱ्याच्या गावांत पाय बुडवून बसायचे हौद असतात, बरेचसे फुकट. मोजे काढायचे, पँट गुडघ्यापर्यंत दुमडायची आणि पाय पुसायला पंचा स्वतःचा न्यायचा.