पिशवीतली पिशवी

रविवार, संध्याकाळ

कोल्हापुरात आमच्या कपिलतीर्थ मंडईत शेजारच्या काकू भेटल्या. खांद्याला मुद्दाम शिवून घेतलेली कापडी पिशवी, आणि आत कोथिंबीर एका कॅरीबॅगमध्ये, मिरच्या दुसरीत, वांगी तिसरीत. मी म्हटलं, "काकू, २०१८ पासून बंदी आहे की हो यांच्यावर." तर म्हणाल्या, "अगं, घरनं पिशवी आणलीय की मी!" अगदी मनापासून म्हणाल्या.

कॅनडातल्या रॉबर्ट गिफर्ड या मानसशास्त्रज्ञानं २०११ मध्ये पर्यावरणासाठी काही करण्याच्या आड येणारे असे मनाचे अडथळे सात गटांत मांडले आणि त्यांना 'ड्रॅगन' म्हटलं. एखादं सोपं काम केलं की आपला वाटा संपला असं वाटणं, हा त्यातलाच एक. पैसे अडकलेले असणं हा दुसरा. हप्ते भरून गाडी घेतलीय, मग ती दारात उभी कशी ठेवायची? आमच्या गल्लीतली मंडळी रंकाळ्यावर पहाटे चालायला जातात तीही गाडीवरून, आणि गाडी लावायला जागा मिळाली नाही की दिवसभर कुरकुरतात. याला मी आळस नाही म्हणणार. हात आपसूक किल्लीकडे जातो, एवढंच.

मला खटकतं ते 'लोकांना माहीत नाही, जनजागृती हवी' हे पालुपद. पावसाळ्यात इथलं शेंबडं पोरगंही पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी सांगतं: ३९ फुटांवर इशारा, ४३ वर धोका. २०१९ चा महापूर पाहिला, २०२१ चाही पाहिला. पण पाणी ओसरलं, घरं धुऊन झाली, की पुन्हा "आपल्या एकट्यानं काय हुतंय?" या वाक्याइतकं आरामाचं आसन दुसरं नाही. त्यावर अख्खं गाव बसतं.

आणि हेच गाव उठतंही. घरगुती गणपती पंचगंगेत न सोडता पाण्यानं भरलेल्या मोठ्या काहिलीत विसर्जित करायचा म्हटल्यावर आमच्या गल्लीत केवढा वाद! "वाहतं पाणीच पाहिजे," म्हणून थोरली माणसं अडून बसली. आधी मोजक्या घरांनी केलं. मग समोरच्यांनी, मग त्यांच्या पाहुण्यांनी. फलक वाचून कुणाचं मन वळलेलं मी तरी पाहिलं नाही. शेजाऱ्याचं बघूनच वळलं. गेल्या गणपतीत भांडण झालं ते काहिलीजवळ आधी नंबर कुणाचा, यावरून.