रेवदंड्याची आई आणि घुमटातला देवमासा

2016 च्या उन्हाळ्यात आई पहिल्यांदा आमच्याकडे बॉस्टनला आली. तिला काय काय दाखवायचं याची यादी मी महिनाभर आधीपासून करत होते. उंच इमारतींचं तिला अप्रूप नाही. आणि समुद्र? रेवदंड्यात जन्म गेलेल्या बाईला समुद्र काय दाखवायचा! शेवटी म्हटलं, सायन्स म्युझियममधला घुमटातला सिनेमा दाखवू.

ग्रीन लाइनची गाडी चार्ल्स नदीजवळ उंच पुलावर चढते, तिथेच सायन्स पार्क स्टेशन. म्युझियम चक्क नदीवरच्या जुन्या धरणावर उभं आहे. विजेचा खेळ बघून (आईने कान घट्ट झाकून घेतले होते) आम्ही मुगर ऑम्नी थिएटरच्या, म्हणजे त्या घुमटाच्या सिनेमागृहाच्या, रांगेत लागलो. तिकीट वेगळं काढावं लागतं. तो खर्च आईला अजिबात पटला नाही. "चाळीस मिनिटांच्या सिनेमाला एवढे पैसे? आपल्याकडे एवढ्यात तीन तास बसवतात."

तेव्हा रांगेत उभं असताना काचेतून प्रोजेक्टरची खोली दिसायची. मला सिनेमापेक्षा तीच जास्त आवडायची. जेवणाच्या टेबलापेक्षा मोठ्या आडव्या तबकड्यांवर फिल्म गुंडाळलेली. नेहमीच्या सिनेमात फिल्म उभी सरकायची, इथे 70 मिलिमीटरची पट्टी आडवी पळायची आणि एकेक चौकट पट्टीच्या कडेची पंधरा छिद्रं व्यापायची. सेकंदाला चोवीस चौकटी, म्हणजे साधारण पावणेदोन मीटर फिल्म. चाळीस मिनिटांत चार किलोमीटर! आईला हा हिशेब सांगितल्यावर ती त्या तबकडीकडे जरा आदराने बघायला लागली. "आमच्या शाळेची वाट एवढीच होती," म्हणाली.

आत गेल्यावर खुर्च्या गच्चीच्या जिन्यासारख्या चढत जातात. आम्हाला उशीर झाला होता, त्यामुळे खालच्या रांगा मिळाल्या. हे करू नका. वरच्या अर्ध्यात, मध्यावर बसा, नाहीतर मान धरते. पाच मजली उंचीचा पडदा डोक्यावरून मागे जातो आणि त्याची कडा नजरेच्या टप्प्यात कुठेच येत नाही. खरी मेख इथेच आहे. डोळे सांगतात आपण उडतोय, कानातला तोल सांगतो आपण खुर्चीत बसलोय, आणि दोघांच्या भांडणात पोट ढवळतं. चक्कर आली तर डोळे मिटा, असं सुरुवातीलाच बजावतात.

त्याआधी एक गंमत असते. पांढराशुभ्र वाटणारा पडदा पाहता पाहता पारदर्शक होतो आणि मागचा लोखंडी सांगाडा, स्पीकर, सगळं उघडं पडतं. पडदा म्हणजे बारीक बारीक छिद्रांचा पत्रा. आवाज त्यातून गाळून यावा तसा येतो. हे सांगणारा आवाज लिओनार्ड निमॉयचा, 'स्टार ट्रेक'मधला टोकदार कानांचा स्पॉक. तो जवळच्याच वेस्ट एंडमध्ये वाढला. आदल्या वर्षीच वारला होता, आणि अंधारात त्याचा आवाज ऐकताना मला कसंसंच झालं.

सिनेमा हंपबॅक जातीच्या देवमाशांचा होता. पॅसिफिक महासागरातल्या टोंगा बेटांच्या निळ्या पाण्यात आई देवमासा, तिच्या पोटाखाली पिल्लू. पिल्लू वर आलं, थेट आमच्या डोक्यावर. आईने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. संगीताबद्दल मात्र माझी तक्रार आहे. देवमासा जरा वळला की व्हायोलिनं सुरू, आणि निवेदकाला दोन मिनिटं गप्प बसवत नाही. एवढा मोठा प्राणी समोर असताना बोलायचं कशाला?

बाहेर आल्यावर आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आपल्याकडे आला तो मेलेला होता ना." 2015 च्या जूनमध्ये रेवदंड्याच्या किनाऱ्याला निळा देवमासा लागला होता. अख्खं गाव बघायला लोटलं, आई पण गेली होती. "त्याचा डोळा बघवत नव्हता. याचा डोळा हलत होता."

मग काय, लगेच पुढच्या शनिवारी बोट ठरवली. स्टेलवेगन बँक हा बॉस्टनच्या पूर्वेला समुद्राखालचा उथळ पट्टा, उन्हाळ्यात देवमाशांचं जेवणाचं ठिकाण. हिवाळ्यात हेच देवमासे कॅरिबियनमध्ये विणीला जातात आणि तिथे जवळजवळ काहीच खात नाहीत. आपल्या अरबी समुद्रातले हंपबॅक मात्र असा लांबचा प्रवास करत नाहीत, बारमाही तिथेच राहतात, हे मी सांगितल्यावर आईला फार बरं वाटलं. "शहाणे आहेत," म्हणाली. टोमणा कुणाला होता ते मला कळलं.

दोन तास नुसता वारा आणि राखाडी पाणी. बोटीवरची निम्मी मंडळी आडवी झाली होती. आई कठड्याशी शाल गुंडाळून ताठ उभी. मग लांबवर एक फवारा, काळी पाठ आणि शेवटी शेपूट. शेपटीखालच्या पांढऱ्या-काळ्या नक्षीवरून एकेक देवमासा ओळखतात, त्यांना नावं ठेवतात. हे सगळं बोटीवरची मुलगी सांगत होती तोवर शेपूट बुडालंही. सगळं मिळून अर्धा मिनिट. मधे वारा फिरला आणि सुकटीचं पोतं उघडावं तसा वास आला. हा त्याचा श्वास होता. आईने नाक न झाकता दीर्घ श्वास घेतला.

रात्री तिने मावशीला फोन लावला. मी भांडी आवरत ऐकत होते. "अगं, बोटीतून बघितला. या इथं, डोक्यावर! पोटाखाली पिल्लू, एवढुसं. आणि वास तर विचारू नकोस, आपल्या सुकटीचा."

पिल्लू घुमटातलं होतं. मी नळ बंद केला, पण काही बोलले नाही.