आमची वाटचाल : सीटच्या दांडीपासून ओळंब्यापर्यंत

उंच माणसांच्या मापाला व्यायामाची सायकल बसवून द्यायच्या आमच्या धंद्याची सुरुवात दादाच्या गुडघ्यांपासून झाली. त्याची उंची १९५ सेंटीमीटर. घरच्या घरी व्यायाम म्हणून त्याने जागेवरची सायकल घेतली, सीट शेवटच्या खुणेपर्यंत वर ओढली आणि बसल्या बसल्या म्हणाला, "उकिडवं बसून पायडल मारल्यासारखं वाटतंय." दहा दिवसांत दोन्ही गुडघे वाटीच्या जागी पुढून दुखायला लागले. माहितीपत्रकात तर त्याच्याहून उंच माणसालाही ही सायकल चालते असं छापलेलं होतं. तेही खोटं नव्हतं म्हणा. बसता येत होतंच.

तेव्हा आमचं वर्कशॉप म्हणजे लोखंडी जिने, ग्रिल आणि रॅकचे सांगाडे. मी, लेथवर बसणारे काका आणि एक वेल्डर. काकांनी सीटची दांडी हातात घेतली, फिरवून पाहिली आणि म्हणाले, "एवढंच ना? संध्याकाळपर्यंत देतो." दांडीला १२ सेंटीमीटरचा तुकडा जोडला, घासून गुळगुळीत केला, काळा रंग मारला. दादा खूश. आम्हीही खूश. त्याने चार उंच मित्रांना सांगितलं, त्या चौघांनी आणखी कोणाकोणाला. अशी आमची पहिली वीसेक कामं झाली आणि ती सगळी अर्धवट होती, हे आता कळतं.

पहिली तक्रार वहिनींची. त्यांची उंची १५५. त्याच सायकलवर त्याही बसायच्या. लांब केलेली दांडी फ्रेमच्या नळीत खाली जाऊन तळाला टेकायची, त्यामुळे सीट त्यांच्या मापाला उतरेचना. दांडी वर वाढवली की ती खालीही तेवढीच वाढते, ही गोष्ट आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आली नव्हती. मग वहिनींसाठी मूळ मापाची दुसरी दांडी करून दिली. तरी रोज दांडी बदलायला कोण बसणार?

दुसरी तक्रार दादाची. गुडघे थांबले, कंबर सुरू झाली. आम्ही सायकलला ओळंबा, म्हणजे टोकाला वजन बांधलेली दोरी, लावून पाहिला तेव्हा कारण कळलं. सीटची नळी सरळ उभी नसते, मागे कललेली असते, साधारण ७३ अंशांत. तिच्यातून दांडी १० सेंटीमीटर वर काढली की सीट जवळपास ३ सेंटीमीटर मागेही जाते. दादाची सीट १२ वर गेली, साडेतीन मागे गेली आणि हँडल होतं तिथेच राहिलं. म्हणजे तो पूर्वीपेक्षा लांब आणि खोल वाकत होता. हँडल वर घ्यायला गेलो तर त्या सायकलच्या हँडलची दांडीही मागे कललेली निघाली. वर घेतलं की ते छातीकडे येतं, आणि उभं राहून पायडल मारताना गुडघा हँडलवर आपटतो. शेवटी हँडलखाली पुढे सरकणारी पट्टी बसवली तेव्हा कुठे दादा नीट बसला. एका दांडीचं काम तीन जागी करावं लागलं.

त्यानंतर आम्ही वेल्डिंग बाजूला ठेवून मापं घ्यायला शिकलो. पहिलं माप उंचीचं नाही, पायाच्या आतल्या लांबीचं. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, पायांत वीतभर अंतर, आणि पुठ्ठ्याचं जाड पुस्तक दोन्ही मांड्यांमध्ये सीटसारखं वर दाबून धरायचं. पुस्तक भिंतीशी काटकोनात आहे ना हे गुण्याने बघायचं आणि तिथून जमिनीपर्यंत मोजायचं. लोक पुस्तक हळूच टेकवतात, दाबत नाहीत, आणि दोन सेंटीमीटर तिथेच हरवतात. एकाच उंचीच्या दोन माणसांच्या पायात ७ सेंटीमीटरचा फरक आम्ही पाहिला आहे. एकाचं धड लांब, दुसऱ्याचे पाय. पहिल्याला सीट वाढवून काही उपयोग नसतो, त्याला हँडल लांब हवं असतं. म्हणून "माझी उंची अमुक आहे, किती लांब दांडी लागेल?" असं कोणी फोनवर विचारलं तर मी उत्तर देत नाही.

या मापावरून सीटची उंची काढायचे दोन हिशेब सायकलवाल्यांत चालतात. एक, टूर द फ्रान्स तीनदा जिंकणाऱ्या ग्रेग लेमाँडच्या नावाने ओळखला जाणारा : आतली लांबी गुणिले ०.८८३, म्हणजे क्रँकच्या (पेडल ज्याला जोडलेलं असतं त्या दांड्याच्या) आसाच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर. दुसरा १९६७ मध्ये हॅमली आणि थॉमस या संशोधकांनी मांडलेला : पेडल सर्वांत खाली असताना तिथपासून सीटपर्यंत आतल्या लांबीच्या १०९ टक्के. आता गंमत बघा. बहुतेक स्पिन सायकलींवर, म्हणजे व्यायामाच्या जागेवरच्या सायकलींवर, क्रँक १७० मिलिमीटरचा असतो. पायाची आतली लांबी ८२ असेल तर दोन्ही हिशेबांनी क्रँकच्या आसापासून ७२.४ सेंटीमीटरच येतात. पण लांबी ९८ धरली तर पहिला सांगतो ८६.५ आणि दुसरा ८९.८. सव्वातीन सेंटीमीटरचा फरक! मध्यम उंचीच्या माणसाने कोणताही हिशेब वापरावा, चालून जातं. आमचं गिऱ्हाईक नेमकं जिथे हिशेब फाटतात तिथेच उभं असतं. हे कागदावर मांडून पाहिलं त्या दिवशी मला या धंद्यात खरा रस वाटायला लागला.

मग आम्ही काय करतो? सुरुवात कमी आकड्यापासून. माणसाला बसवतो, पाच मिनिटं सावकाश चालवू देतो आणि पेडल तळाला असताना कोनमापक लावतो : कुल्ल्याच्या बाजूला हाताला लागतो तो हाडाचा उंचवटा, गुडघ्याची बाहेरची बाजू आणि घोट्याचं हाड, या तिघांवर. पाय पूर्ण सरळ म्हणजे शून्य धरलं तर गुडघा २५ ते ३५ अंश वाकलेला हवा. ३५ च्या वर असेल तर सीट अर्धा सेंटीमीटर वर, पुन्हा चालवायचं. पाठीमागे उभं राहून कंबरेकडे बघायचं. कंबर डाव्या-उजव्या बाजूला डुलायला लागली की सीट जास्त वर गेली, कोन काहीही सांगो. मांडीच्या मागचे स्नायू आखडलेल्या उंच माणसांची कंबर फार लवकर डुलते, आणि दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांत असे बरेच निघतात. त्यांना मी हिशेबापेक्षा खाली बसवतो, ते कुरकुरतात, मी ऐकत नाही.

आता त्या प्रसंगाविषयी, जो सांगायला मला अजून आवडत नाही.

दोन मीटरला जरा कमी असलेल्या एका गिऱ्हाइकाला आम्ही भोकांची लांब दांडी दिली होती. स्प्रिंगची खिट्टी भोकात बसते आणि सीट तिथे थांबते, त्या पद्धतीची. पाच महिन्यांनी त्यांचा फोन आला : "सीटचं टोक वर बघायला लागलंय. मी नट आवळला, पण रोज थोडं थोडं उचलतंच." मी त्यांना म्हणालो, बसू नका, येतो. दांडी काढून खिडकीजवळ धरली. नळीच्या पुढच्या अंगाला, कॉलरच्या (दांडी फ्रेममध्ये जिथे शिरते तिथल्या कड्याच्या) जेमतेम वर असलेल्या भोकाच्या कडेपासून दोन्ही बाजूंना केसासारखी रेघ गेलेली. नखाला लागत होती. आणखी काही दिवस गेले असते तर ती दांडी माणसासकट मोडली असती.

चूक सगळी आमचीच. माणूस बसला की दांडी मागे वाकू पाहते. पुढच्या अंगावर ताण येतो, मागच्या अंगावर दाब, आणि हे सर्वांत जास्त कॉलरपाशी. आम्ही नेमकं तिथे, नेमकं पुढच्या अंगाला भोक पाडलं होतं. त्यात नळी २ मिलिमीटर जाडीची, आणि लांबी वाढली की काय होतं याचा हिशेब केलेला नाही. कॉलरच्या वर २० सेंटीमीटर असणारी दांडी ३० केली तर लांबी दीडपट होते, पण टोकाशी तिचं वाकणं लांबीच्या घनाने वाढतं, म्हणजे ३.४ पट. काका शांतपणे ऐकत होते. म्हणाले, "जिन्याच्या कठड्याला आपण हे करतो का? मग इथे का केलं?"

दिलेल्या सगळ्या दांड्या परत मागवल्या, बदलून दिल्या. त्या तीन महिन्यांत कमाई म्हणाल तर शून्य. तेव्हापासून जोड मारलेली दांडी आमच्याकडून बाहेर जात नाही. एकसंध, सीमलेस नळी, ३ मिलिमीटर जाड. भोकं लागलीच तर बाजूच्या अंगाला, जिथे ताणही कमी आणि दाबही कमी. शक्यतो भोकं नकोतच, आवळता कॉलर बरा. बाहेर जेवढी दांडी त्याच्या निदान निम्मी आत, आणि त्या मर्यादेची रेघ कानशीने नव्हे, रंगाने. कानशीची खाच म्हणजे पुन्हा तडा जायला जागा. शिवाय गिऱ्हाइकाचं वजन वहीत लिहिल्याशिवाय काका लेथ सुरू करत नाहीत.

उंची वाढली की सायकलचा तोलही बदलतो, हे त्याच काळात समजलं. सीट वर आणि मागे गेली की माणसाचं वजन सायकलच्या मागच्या पायांकडे सरकतं. आम्ही सीटच्या मागच्या टोकावरून ओळंबा सोडतो. तो मागच्या आडव्या पायाच्या बराच पुढे पडला पाहिजे. जवळ पडत असेल तर मागचा पाय लांब करून देतो, आणि उभं राहून जोर लावणाऱ्यांना तो रुंदही करून देतो. जमीन सपाट नसली तर खालचे स्क्रू फिरवून चारही टोकं टेकवायची, हे तर कोणीही घरी करू शकतं. निम्म्या "सायकल हलते" तक्रारी तिथेच मिटतात.

उंच गिऱ्हाइकांची सर्वांत आवडती मागणी म्हणजे लांब क्रँक. पाय लांब, मग क्रँक लांब नको का? मीही सुरुवातीला हेच मानायचो. पण मार्टिन आणि स्पिर्डुसो या संशोधकांनी २००१ मध्ये १२० पासून २२० मिलिमीटरपर्यंतचे क्रँक लावून मोजलं, आणि माणसाच्या कमाल ताकदीच्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यात जेमतेम ४ टक्क्यांचा फरक निघाला. उलट क्रँक ५ मिलिमीटर वाढवला तर तळाशी पाय तेवढा खाली जातो, म्हणून सीट ५ ने उतरवायची, आणि वरच्या टोकाला गुडघा छातीच्या १० मिलिमीटर जवळ येतो. पोट सुटलेलं किंवा खुब्याचा सांधा आखडलेला असेल तर ते १० मिलिमीटर जाणवतात. हौस म्हणून १७५ लावून देतो, त्याच्या वर सहसा नाही. पेडल काढताना एवढं लक्षात ठेवा की डाव्या पेडलला उलटे आटे असतात. जोर लावून लावून क्रँकचे आटे खाऊन टाकलेली माणसं आमच्याकडे दर महिन्याला येतात, आणि त्यात उंच-बुटका असा भेद नसतो.

कधी कधी वाटतं, उंच माणसांचे दिवस एकोणिसाव्या शतकातच होऊन गेले. पुढचं चाक अवाढव्य असलेली ती जुनी सायकल आठवा. पेडल थेट चाकाच्या आसालाच. चाक मोठं तेवढा एका फेरीत पल्ला जास्त, आणि चाक केवढं घ्यायचं हे पायाच्या लांबीवर ठरायचं. तेव्हा दादा राजा असता. १८८५ मध्ये साखळीची रोव्हर सायकल आली आणि तो फायदा गेला.

आज आमच्याकडे येणाऱ्या दहांपैकी चार जणांना काहीच बनवून घ्यावं लागत नाही. सीट पट्टीवर पुढे-मागे सरकते हेच कित्येकांना माहीत नसतं. कोणाची सीट पुढे झुकलेली, कोणी पायाची बोटं टेकवून पायडल मारतो, कोणी जाड तळव्याच्या बुटात माप देतो आणि घरी अनवाणी चालवतो. त्यांना बसवून, मोजून, दोन नट आवळून परत पाठवतो. माप घेण्याचे पैसे घेतो, दांडीचे नाही. हे सुरू केलं तेव्हा वेल्डर म्हणाला, असं केलंत तर मला काम काय उरणार? त्याला आता मागच्या पायांचं काम पुरतं, आणि ज्या मोजक्या लोकांना खरंच लांब दांडी लागते त्यांच्या दांड्या आमच्याकडून कोणी घाईत करून नेत नाही.

सध्या लेथजवळ एक सायकल उभी आहे. गिऱ्हाइकाच्या पायाची आतली लांबी १०१. दोन हिशेबांत जवळजवळ चार सेंटीमीटरचं अंतर. दांडी तयार आहे, पण काकांनी कॉलर ढिलाच ठेवलाय. माणूस येऊन बसेपर्यंत आवळायचा नाही म्हणतात.

दादाच्या सायकलवर आता दुसऱ्या पद्धतीची दांडी आहे. मूळ मापाचीच, पण वरच्या टोकाला सीटखाली काढता-घालता येणारा जाड तुकडा. वर दादाची खूण, खाली वहिनींची, दोन्ही वहिनींनीच नेलपॉलिशने केलेल्या. दादा अजूनही तो तुकडा न काढताच उठून जातो, आणि वहिनी अजूनही त्याची तक्रार माझ्याकडेच करतात.