घिरट्यांचे गणित

मी ठाण्यात राहतो आणि रेडिओ सर्किटांचे काम करतो. ग्लायडरमधील टक्करविरोधी उपकरणांकडे माझे लक्ष वेधले ते त्यांच्या आत चालणाऱ्या गणितामुळे. ग्लायडरला इंजिन नसते. तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेचा प्रवाह, म्हणजे थर्मल, सापडला की येऊरच्या डोंगरावर घारी जमतात तसे अनेक ग्लायडर एकाच अरुंद स्तंभात घिरट्या घालू लागतात. प्रवासी विमाने एकमेकांपासून लांब ठेवली जातात. येथे मात्र जवळून उडणे टाळताच येत नाही.

ताशी 90 किलोमीटर वेगाने घिरट्या घालणारे ग्लायडर 20 सेकंदांत 500 मीटर अंतर कापते. त्याचा मार्ग सरळ धरला, तर ते अर्धा किलोमीटर दूर गेलेले दिसेल. प्रत्यक्षात तेवढ्या वेळात ते फेरी पूर्ण करून जवळपास मूळ जागी परतलेले असते. सरळ रेषेवर विसंबणारे उपकरण अशा गर्दीत सतत खोटे इशारे देईल आणि वैमानिकाचा त्यावरचा विश्वास उडेल. 2004 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये आलेल्या फ्लार्मचे मोल मला यातच दिसते. जीपीएस आणि हवेच्या दाबाच्या संवेदकावरून हे उपकरण ग्लायडरचा पुढील काही सेकंदांचा मार्ग वळणासह काढते, कमी शक्तीच्या रेडिओवरून साधारण दर सेकंदाला प्रसारित करते आणि इतरांकडून आलेले मार्ग स्वतःच्या मार्गाशी ताडून पाहते. ग्लायडर केवळ जवळ आहे एवढ्याने ते वाजत नाही. मार्ग एकमेकांना छेदणार असतील, तरच इशारा देते.

नुसत्या डोळ्यांवर का भागत नाही, हेही आकड्यांतच दिसते. ताशी 150 किलोमीटर वेगाने समोरासमोर येणाऱ्या दोन ग्लायडरांमधील एक किलोमीटर अंतर 12 सेकंदांत संपते, आणि अमेरिकी विमानवाहतूक प्रशासनाच्या मार्गदर्शिकेनुसार दुसरे विमान दिसणे, धोका ओळखणे आणि विमान प्रत्यक्ष वळणे यांस मिळून 12.5 सेकंद लागतात. त्यातच टकरीच्या मार्गावरील ग्लायडर काचेवर एकाच जागी स्थिर दिसते, आणि न हलणाऱ्या बारीक पांढऱ्या रेषेकडे नजर सहसा जात नाही.

माझ्या व्यवसायामुळे मला सर्वाधिक काळजी अँटेनाची वाटते. कार्बन फायबर रेडिओलहरी अडवते. त्यामुळे अशा सांगाड्यात अँटेना चुकीच्या जागी बसवली, तर एखाद्या दिशेला उपकरण आंधळे होते आणि वैमानिकाला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून बसवल्यानंतर नोंदींवरून प्रत्येक दिशेचा पल्ला तपासणे मी अनिवार्य मानतो. शिवाय ज्या ग्लायडरमध्ये फ्लार्मशी सुसंगत उपकरण नाही, ते फ्लार्मच्या रेडिओला दिसत नाही. केवळ ट्रान्सपाँडर, म्हणजे रडारच्या विचारणेला उत्तर देणारे रेडिओ उपकरण, असलेली विमाने ओळखण्यासाठी वेगळा रिसीव्हर लागतो.

पडद्याबाबत माझे मत ठाम आहे. इशारा मिळताच वैमानिकाची नजर काचेबाहेर, नेमक्या दिशेला गेली पाहिजे. त्यासाठी रंगीत नकाशापेक्षा दिशा दाखवणाऱ्या दिव्यांचे साधे वर्तुळ आणि बजर मला अधिक योग्य वाटतात.