पाणीवाटप, चाचणी पाचवी: एकदाचं भांडण झालं!

'पाणीवाटप' या माझ्या भूमिका-खेळाच्या (खेळणारे गावकरी होऊन सभेत पाणी वाटून घेतात) आधीच्या चार चाचण्यांचं रडगाणं ज्यांनी सोसलंय त्यांना आधी ही बातमी: रविवारी भांडण झालं. खरंखुरं. आवाज चढले, एकजण खुर्ची मागे सारून उठला. मी कोपऱ्यात मनातल्या मनात पेढे वाटले.

अडचण तुम्हाला पाठ आहेच: खेळात भांडणच होत नव्हतं. खेळ पुरंदरच्या दुष्काळातला, नियम तिथेच विलासराव साळुंखेंनी उभ्या केलेल्या समन्यायी पाणीवाटपाच्या चळवळीचे, म्हणजे पाणी पंचायतीचे: पाणी जमिनीच्या नाही, माणसांच्या हिशेबाने, माणशी अर्ध्या एकरापुरतं, घराला फार तर अडीच एकरांपुरतं, भूमिहीनालाही वाटा, ऊस बंद. पण खेळणारे पुण्यातले, शिकलेले. कुणाची बाजू घ्यायची हे त्यांना पहिल्या मिनिटालाच कळतं. बागायतदार ऊस सोडून मोकळा, वीस मिनिटांत सभा खलास. खेळ नव्वद मिनिटांचा! गुप्त हेतू दिले, सोसायटीचं कर्ज दिलं, भाऊबंदकी घातली. तिसऱ्या वेळी पात्रपरिचय दोन पानी झाला, तो कुणी वाचलाच नाही.

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. पात्रं ठीक होती, ऊस कागदावर होता. कागदावरचा ऊस सोडायला काय जातंय? या वेळी रसवंतीवरून दहा कांडी आणून बागायतदारापुढे उभी केली. मध्ये भरलेली कळशी, मापाला स्टीलची वाटी. ज्या फेरीत उसाला वाटी नाही, त्या फेरीत एक कांडं त्याने स्वतःच्या हाताने मोडायचं. तिसऱ्या फेरीत त्याने वाटी ओढून घेतली, घाईत पाणी टेबलावर सांडलं. भूमिहीन बाई झालेल्या मुलीने ते बोटाने निपटून आपल्या भांड्यात घेतलं. हे मी लिहिलेलं नव्हतं.

लॅमिनेट केलेली कार्डं आता बंद. ओली झाली की एकमेकांना चिकटतात, ट्यूबलाइटखाली वाचताही येत नाहीत. जाड मॅट कागद बरा. आणि छापणाऱ्याने ४८ कार्डांवर 'भुमीहिन' करून ठेवलंय, ते वेगळंच.

आता नवं दुखणं, ब्लीड: पात्राच्या भावना खेळणाऱ्याच्या स्वतःच्या आयुष्यात झिरपणं. बागायतदार चहाच्या वेळी गप्प. खेळात त्याने एक्स कार्डाला (खेळ असह्य झाला की थांबवायला दाखवायचं कार्ड) हातही लावला नव्हता. मी गाढवासारखं डीब्रीफला, म्हणजे खेळानंतरच्या चर्चेत, थेट 'काय शिकलात?' विचारलं. आधी उपरणं घडी करून ठेवायचं, आपलं खरं नाव सांगायचं, पात्रातून बाहेर यायचं, हे घाईत राहिलं. निघताना चपला घालता घालता तो म्हणाला, "आमच्या आजोबांनी वाटणीत विहीर दाबली होती."

सहावी चाचणी सोळा जणांची ठरली होती. पण हे लिहिता लिहिताच मानसोपचारतज्ज्ञ मोरेनोच्या सायकोड्रामातली (नाट्यातून केलेल्या उपचारातली) भूमिकांची अदलाबदल आठवली: चौथ्या फेरीला बागायतदार आणि भूमिहीन बाईने खुर्च्या बदलायच्या. मग कांडं कुणी मोडायचं? तिने? हे सोळा जणांत सांभाळणं माझ्याच्याने होणार नाही, आठच घेतो. पात्रातून बाहेर पडायला पंधरा मिनिटं राखून ठेवायची, चहा त्यानंतर.

उरलेली सात कांडी घरी पडून आहेत. खेळानंतर कुणी खायला तयार होईना.