वाटणीत न बसलेली बंदूक

आमच्या खानापूर तालुक्यात, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, भावकीची वाटणी ही बघण्यासारखी गोष्ट असते. पंच बसतात, चहा येतो, जुनं भांडण निघतं, मिटतं, परत चहा येतो. भाताची खाचरं गुंठ्यावर पडतात, काजूची झाडं हात लावून मोजली जातात, तांब्या-पितळेची भांडी तराजूत जातात, देव थोरल्याकडं राहतात. विहीर वाटता येत नाही, पण तिला पाळी लावता येते. बंदुकीला पाळीसुद्धा लावता येत नाही. परवाना घराच्या नावावर नसतो, एका माणसाच्या नावावर असतो. सहा महिने तुझ्याकडं, सहा महिने माझ्याकडं असं भावाभावांत ठरवलं, तर कायद्यानं दोघंही आत. त्यामुळं आमच्याकडं सगळं वाटून झालं तरी पंचांच्या कागदावर शेवटची ओळ रिकामी राहिली, ती पुढं कैक वर्षं रिकामीच होती.

बंदूक पणजोबांची. ती आली कुठून, याच्या घरात तीन कथा आहेत. पहिलीत कुणी साहेब विलायतेला परत जाताना बक्षीस देऊन जातो. दुसरीत सावंतवाडीकडचा एक सरदार घोड्याच्या बदल्यात देतो. तिसरी कथा गोव्याची आहे आणि ती परका माणूस बसला असला की सांगत नाहीत. चोर्ला घाट उतरला की त्या काळी पोर्तुगीज राज्य सुरू व्हायचं, एवढंच इथं लिहितो.

बंदूक स्वतः काय सांगते, ते मात्र तिच्या अंगावर कोरलेलं आहे. बारा बोअरची, शेजारी शेजारी दोन नळ्या, वर दोन घोडे, दस्त्याला मनगटाच्या जागी एकदा तांब्याच्या पट्टीनं केलेली डागडुजी. नळ्या सुट्या करून उलट्या धरल्या की बुडाशी बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे, म्हणजे नळ्या तपासून पास करणाऱ्या संस्थेचे, बारीक शिक्के दिसतात, आणि डाव्या नळीवर इंग्रजीत तीन शब्द : नॉट फॉर बॉल. हा शिक्का तिकडं १८७५ ते १८८७ एवढ्याच काळात मारत. म्हणजे या नळीचं तोंड पुढं आवळलेलं आहे, हिच्यातून छर्रे मारा, अखंड गोळी मारू नका, नळी फुगेल नाहीतर फाटेल.

आता अडचण अशी, की आमच्या आज्जानं याच बंदुकीच्या याच डाव्या नळीतून, एकाच गोळीत वाघ पाडल्याची गोष्ट पंचक्रोशीत सगळ्यांना पाठ आहे. वाघ दर शिमग्याला थोडा लांब होत गेला, आज्जा बसला होता ते जांभळीचं झाड थोडं ठेंगणं होत गेलं, पण डावी नळी आणि गोळी या दोन गोष्टी कधी बदलल्या नाहीत. मला तो शिक्का वाचता आला तेव्हा आज्जा हयात होता. मी नळी त्याच्यापुढं धरून अर्थ सांगितला. त्यानं चष्मा न लावताच बघितलं आणि म्हणाला, "ते साहेबानं साहेबासाठी लिवलंय. आम्हाला इंग्रजी कुठं येतंय?"

खरी शिकार वाघाची नव्हतीच, डुकराची होती. शिमग्याच्या पारधीला अख्खा गाव रानात. हाकारे घालणारे एका अंगानं आरडाओरडा करत निघायचे, बंदूकवाले दुसऱ्या अंगाला वाटा धरून बसायचे. संध्याकाळी पानांवर वाटे पडायचे. घरटी एक वाटा, कुत्र्यालाही एक, आणि ज्याच्या बारानं जनावर पडलं त्याला मुंडी जास्तीची. आज्जीच्या बाजूनं ऐकलं तर हीच गोष्ट वेगळी निघते. तिच्या सांगण्यात रान नाही, झाड नाही. रात्री अवेळी पेटवलेली चूल आहे, वाटणासाठी दुसऱ्याच्या घरून आणलेलं खोबरं आहे, आणि जेवताना दाताखाली येणारे छर्रे आहेत. आज्जा ते ताटाच्या कडेला काढून ठेवायचा. बाबा आणि काका लहानपणी ते गोळा करून धुऊन काड्यापेटीत साठवायचे, आणि कुणाची पेटी जास्त खुळखुळते यावरून मारामारी. मला विचाराल तर शिकारीच्या सगळ्या गोष्टींत एवढीच विश्वास ठेवण्यासारखी आहे. बाकीच्या गोष्टींत जनावर कधी जखमी होऊन निसटत नाही आणि बार कधी फुकट जात नाही. हे न पटण्यासारखं आहे.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि हळूहळू पारध बंद पडली. लगेच नव्हे, आमच्याकडं काहीच लगेच होत नाही. पण फॉरेस्टवाल्यांची भीती बसली, जंगलात गाड्या फिरायला लागल्या, २०११ मध्ये भीमगड अभयारण्य झालं. ते बरंच झालं असं माझं मत आहे, आणि ते गावात मोठ्यानं बोलायचं नसतं हेही मला ठाऊक आहे. शिकार गेली, बंदूक राहिली. पूर्वी ती वर्षातून पाच-पंचवीस वेळा घराबाहेर पडायची ती रानाकडं. आता पडते ती पोलीस ठाण्याकडं.

निवडणूक लागली की निरोप येतो, हत्यारं जमा करा. डिसेंबर २०२० मध्ये ग्रामपंचायत, मग एप्रिल २०२१ मध्ये बेळगाव लोकसभेची पोटनिवडणूक, २०२३ मध्ये विधानसभा, २०२४ मध्ये परत लोकसभा. बाबा प्रत्येक वेळी बंदूक जुन्या रगात गुंडाळून मोटरसायकलवर मागं कुणाला तरी बसवून घेऊन जातात. रांगेत तालुक्यातले सगळे लायसनदार भेटतात. बहुतेकांनी साठी ओलांडलेली, कुणाच्या गुडघ्याला पट्टा, कुणाच्या कानाला मशीन. प्रत्येकाच्या काखेत रग नाहीतर पोतं. लोकशाहीला या मंडळींपासून काय धोका आहे ते सांगणं कठीण, पण नियम म्हणजे नियम. पावती कन्नडमध्ये मिळते, ती बाबा वाचत नाहीत, फक्त नंबर जुळवून घेतात. गावात कुणी म्हणतं, मतदानाला आम्ही चुकतो, तुमची बंदूक चुकत नाही.

या रांगेत उभं राहिलं की मला हलगलीची आठवण येते. हे गाव आता बागलकोट जिल्ह्यात आहे, तेव्हा मुधोळ संस्थानात होतं. १८५७ साली सरकारचा हुकूम निघाला, हत्यारं आणून द्या. हलगलीच्या बेरडांनी सांगितलं, देत नाही. नोव्हेंबरात फौज आली, गाव जाळलं, कितीकांना फासावर दिलं. त्यांच्यावर कन्नडमध्ये लावण्या आहेत. पुढं १८७८ चा हत्यारबंदीचा कायदा आला आणि बंदूक बाळगायची तर सरकारी कागद हवा हे सगळ्या देशानं मान्य केलं. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा झाला, पण कागद राहिलाच. उत्तर कर्नाटकातल्या माणसाला हत्यार मागितल्यावर काय झालं होतं ते लावणीत आहे. आम्ही आधारकार्डाची झेरॉक्स जोडतो.

उलट दक्षिणेला, याच राज्यात, कोडगूच्या, म्हणजे कुर्गच्या, कोडवा लोकांना इंग्रजांच्या काळापासून लायसनमधून सूट आहे, आणि ती आता २०२९ पर्यंत वाढवली आहे. त्यांच्यात घरात मुलगा झाला की एक बार काढतात, माणूस गेलं की दोन.

आमच्याकडं माणूस गेलं की बंदूक जाते. आज्जा वारला त्याच्या दुसऱ्या दिवशी, रक्षाविसर्जनाच्याही आधी, ठाण्यातला ओळखीचा हवालदार भेटायला आला. दारात चप्पल काढली, आज्जीपुढं हात जोडून बसला, पाणी प्याला, आणि उठताना बाबांना बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "ते तेवढं जमा करून टाका की." त्याचं काही चुकलं नव्हतं. परवानाधारक गेला की हत्यार बिनपरवाना होतं, आणि वारसांनी ते विनाविलंब ठाण्यात नाहीतर परवानाधारक विक्रेत्याकडं ठेवावं लागतं. बंदूक गेली ती गेलीच. वारसाच्या नावानं परवाना काढायचा तर बाकीच्या वारसांची ना-हरकत लागते, आणि आमच्या घरात नेमकी तीच वस्तू दुर्मिळ.

गंमत अशी की बंदूक कुणालाच नको होती. थोरल्या काकांना रक्तदाब, त्यांना आवाज सोसत नव्हता. धाकटे काका बेळगावात फ्लॅटमध्ये, तिथं ठेवायची कुठं. बाबा म्हणायचे, मला कशाला ती भानगड. पण एकानं घेतो म्हटलं की दुसऱ्या दोघांचं ठरलेलं, "त्यालाच का?" आत्यानं सगळ्यात आधी सही करून दिली होती, ती जमिनीच्या हक्कसोडपत्रावर आणि बंदुकीच्या ना-हरकतीवर एकाच बैठकीत, कुंकवाच्या करंड्यासकट आलेल्या साडीवर समाधान मानून. भावांना मात्र वर्षं लागली. शेवटी बाबांच्या नावावर झाली ती बाकीचे दोघं कंटाळले म्हणून.

परत आली तेव्हा दस्त्याला सुतळीनं चिठ्ठी बांधलेली, नळ्यांवर लाल गंज. बाबांनी शिलाई मशीनचं तेल आणि आज्जीच्या नऊवारीच्या चिंध्या घेऊन गजानं नळ्या घासल्या. खिडकीकडं धरून आतून बघितलं की उजेडाची गोल गोल वर्तुळं दिसायला पाहिजेत. उजवीत दिसली, डावीत मध्येच ठिपके. मग बेळगावात एका जुन्या बंदूकवाल्याकडं नेली. त्या म्हाताऱ्यानं गंज बघितलाच नाही. नळीवर थुंकी लावून अंगठा फिरवला तशी तपकिरी-काळी लाटांची नक्षी वर आली, वेणी घातल्यासारखी. तो म्हणाला, ही दमास्कस नळी. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, एकमेकींत गुंफून, तापवून ठोकून केलेली. काळ्या दारूच्या जमान्यातली. आजकालच्या काडतुसाची बिनधुराची दारू वेगळी, तिचा दाब हिला झेपेलच असं नाही. "उडवू नका," म्हणाला, "पुढच्याला लागेल न लागेल, मागच्याला नक्की लागेल."

तेव्हापासून ती उडवलेली नाही. परवान्याचं नूतनीकरण मात्र चालू. पूर्वी ते तीन वर्षांनी असायचं, २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाच वर्षांनी झालं, तेवढी सरकारची कृपा. खंडेनवमीला तिची पूजा होते. टिलर, मोटरसायकल, कोयते, भाचीचा लॅपटॉप, आणि सगळ्यांच्या मधोमध दोन्ही नळ्यांत एकेक झेंडूचं फूल खोचलेली बंदूक. लष्करातून निवृत्त झालेले आमच्याच भावकीतले एक जण, मराठा लाइट इन्फंट्रीचे, दर वर्षी येऊन तिला बघून हळहळतात. त्यांनी स्वतःची बारा बोअर घेऊन बँकेत गार्डची नोकरी केली, बंदूकवाल्या गार्डला पगार जास्त. त्यांच्या मते आमची बंदूक बसून खाते.

डुकरं आहेतच, म्हणाल तर वाढलीत. रताळ्याच्या वाफ्यात एक कळप रात्रभर शिरला तर सकाळी नांगर फिरवल्यासारखं रान दिसतं. लोक शेताभोवती जुन्या साड्या बांधतात, फटाके लावतात, मोबाईलवर कुत्र्याचं भुंकणं भरून भोंग्यावर वाजवतात. काही जण कुंपणाच्या तारेत करंट सोडतात, त्यात डुकरापेक्षा माणसं आणि गुरं जास्त सापडतात. या करंटवाल्यांविषयी मला जराही सहानुभूती नाही. आणि अजूनही कुणीतरी रात्री अकराला बाबांना फोन करतं, "तात्या, बंदूक घेऊन या की." तात्या बॅटरी घेऊन जातात, दोन हाळ्या देतात, परत येतात. बंदूकवाल्या घरातला माणूस आला एवढ्यावर शेतकऱ्याचं समाधान होतं. डुकरांचं होत नाही.

यंदा बाबा सत्तरीला आले. २०१६ च्या नियमांत अशी सोय आहे, की परवानाधारकाला सत्तर वर्षं झाली किंवा हत्यार बाळगून पंचवीस वर्षं झाली, यांतलं जे आधी होईल त्यावर त्याला हयातीतच वारस नेमता येतो. म्हणजे हवालदाराला रक्षाविसर्जनाच्या आधी यावं लागणार नाही. मी नको म्हटलं. माझी ताई, बेळगाव शहरातल्या शहापुरात दिलेली, म्हणाली, "मला द्या."

धाकटे काका लगेच फोनवर. "माहेरची बंदूक सासरी जाणार व्हय?" ताईनं त्यांना शांतपणे सांगितलं, की कर्नाटकात मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क १९९४ पासून आहे, देशात २००५ पासून, आणि बंदूक ही मिळकतीपेक्षा मोठी नसावी. काका म्हणाले, कायदा माहीत आहे, रीत सांगतोय. नव्या नियमांनुसार अर्जदाराला हत्यार हाताळायचं प्रशिक्षण लागतं. ताईनं ते पूर्ण केलं, प्रमाणपत्र प्लास्टिकच्या कव्हरात घालून आणलं, आणि तिथल्या निशाण्याचा कागदही आणला, भोकांसकट. काकांना व्हॉट्सअॅपवर पाठवला तो कागदाचाच फोटो.

मग अर्ज. त्यात एक रकाना, हत्यार कशासाठी हवं. उडवायची नाही असं लिहिता येत नाही. घराण्याची आठवण म्हणून, हेही साहेबाला चालेना. बाबा म्हणाले, पिकाची राखण लिही, आज्जानं तेच लिहिलं होतं. ताईनं कन्नडमध्ये 'बेळे रक्षणे' लिहिलं.

"कुठलं पीक?" साहेबानं विचारलं.

"रताळी."

"शहापुरात?"

ताईनं माहेरचा उतारा पुढं केला. साहेबानं तो वरून खालपर्यंत वाचला, बोट ठेवून परत वाचला, आणि म्हणाला, "खरं यात तुमचं नाव कुठाय?"

बंदूक द्यायला बाबा एका पायावर तयार होते. उताऱ्याचं ऐकल्यापासून ते त्या विषयावर फारसं बोललेले नाहीत. ताईनं मात्र महसूल खात्याच्या नाडकचेरीत जाऊन, खात्यात नाव चढवायला काय काय कागद लागतात, त्याची यादी लिहून आणली आहे.